माशांच्या पेटीमागचा उजेड



दिवाळी सरली. आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले. रब्बीच्या पेरण्या बहुतेक ठिकाणी उरकल्या असून हरभऱ्याला पाणी देण्याची घाई सुरू होईपर्यंत थोडी उसंत आहे. एरवी या सदरात आपण बीजप्रक्रिया, घाटेअळी, जनावरांचे लसीकरण असे विषय घेतो. आज मात्र एका भगिनीच्या पत्राला उत्तर द्यावयाचे आहे. तिचा प्रश्न पीकपाण्याचा नसला तरी त्यात वीज, पाणी आणि लहान मूल अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला अगत्याचे वाटते.

या भगिनी लिहितात की, त्यांचे सासरे अर्धांगवायूच्या झटक्याने दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत. नातवाने हट्ट धरून माशांची काचपेटी आणविली. जुन्या दगड-मातीच्या भिंतीतल्या फडताळाची फळी काढून तिथे ती बसविली. आजोबांचा दिवस आता मासे पाहण्यात जातो. परंतु दिवस मावळला की फडताळात अंधार होतो. वरचा दिवा लावला तरी मागची भिंत काळी दिसते आणि मासे त्यात हरवतात. पेटीच्या मागे जेमतेम दीड इंच सांद आहे. गावातला एक वायरमन म्हणतो की तिथे बारकी ट्यूब सहज बसेल. ती बसवावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, पहिले उत्तर एका शब्दात देतो: नको. पेटीमागे उजेड जरूर करा, पण घरातली २३० व्होल्टची वीज त्या सांदीत नेऊ नका. असे का, आणि मग काय करावे, ते आता क्रमाने पाहू.

ट्यूब का नको?

पाणी पेटीतच राहते असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते अनेक वाटांनी बाहेर येते. मासा उडी मारतो तेव्हा शिंतोडे उडतात. पाणी बदलताना ओघळ मागच्या काचेवरून उतरतो. झाकणाखाली वाफ धरते व थेंब कडेने गळतात. सर्वांत फसवी वाट म्हणजे हवेच्या पंपाची नळी. वीज गेली की पंप थांबतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवलेला असेल तर त्याच बारीक नळीतून पेटीतले पाणी उलटे वाहू लागते, जसे आपण पिंपातले डिझेल नळीने ओढून काढतो तसे. आपल्याकडे वीज जाणे ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, नाहीतर नळीत उलट पाणी अडविणारी बारकी झडप बसवावी.

आता याच सांदीत ट्यूब, तिची पट्टी आणि चिकटपट्टीने गुंडाळलेला जोड आहे असे समजा. तिथे हात जात नाही, नजर जात नाही. ओल केव्हा धरली ते कळत नाही. फिरतीवर असताना एका घरी मी स्वतः पाहिले आहे. माशांना खाणे टाकताना घरच्या बाईंच्या बोटांना झिणझिण्या येत, आणि पाणी गार असल्यामुळे असे होत असावे म्हणून त्यांनी ते महिनाभर मनावर घेतले नव्हते. मागच्या वायरचा जोड ओला होऊन वीज पाण्यात उतरत होती. त्या घरातले मूलही त्याच पेटीत हात घालून शंख उचलत असे. सुदैवाने वेळीच लक्ष गेले.

यावर आज चांगला उपाय उपलब्ध आहे. निळा प्रकाश देणारा एलईडी दिवा शोधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधामुळेच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला. आज त्याच दिव्यांची बारीक पट्टी फितीसारखी रिळात मिळते. ती १२ व्होल्टवर चालते. २३० व्होल्टची वीज अडॅप्टरपाशीच थांबते, आणि अडॅप्टर आपण पेटीपासून दूर, कोरड्या जागी ठेवू शकतो. सांदीत जाते ती फक्त १२ व्होल्टची बारीक वायर.

उजेड कोणासाठी?

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की ठसवून घ्यावी. मागचा उजेड आपल्या डोळ्यांसाठी आहे. माशाचा उजेड वरून येतो.

बाजारात रोहू किंवा कटला पाहा. पाठ गडद आणि पोट फिके असते. निसर्गात सूर्य वरून तळपतो, म्हणून माशाची सारी ठेवण त्याप्रमाणे झाली आहे. पोहताना तोल राखण्यासाठीही मासा वरून येणाऱ्या उजेडाचा आधार घेतो. एकाच बाजूने जोराचा उजेड पडला तर पुष्कळ मासे आपली पाठ त्या बाजूला कलती करून पोहू लागतात. असे तिरके पोहणारे मासे पाहिले की लोकांना वाटते रोग पडला, आणि ते औषध आणावयास धावतात. औषधाची गरज नसते, उजेड कमी करण्याची असते.

शिवाय आपल्या पेटीतल्या माशांना पापण्या नसतात. डोळे मिटून उजेड टाळणे त्यांना शक्य नाही. मोठ्या मत्स्यालयांत पाहणाऱ्याची वाट अंधारी ठेवून उजेड पाण्यावर वरून सोडलेला असतो, तो याच कारणाने. मुंबईला १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय आपल्यापैकी अनेक बुजुर्गांनी पाहिले असेल, त्यांना तो अनुभव आठवेल.

तेव्हा नियम असा: वरचा दिवा मुख्य, मागचा दुय्यम. मागचा उजेड वरच्यापेक्षा जास्त झाला तर आणखी एक नुकसान होते. मासे काळ्या सावल्यांसारखे दिसू लागतात. गोल्डफिशचा केशरी रंग दिसेनासा होतो, गप्पीच्या शेपटीवरची नक्षी जाते. ज्यांचे रूप पाहावयाचे तेच झाकले जाणार असेल तर खटाटोप कशासाठी?

कंदिलाचे तत्त्व

दिवा दिसू नये आणि उजेड दिसावा, ही कला आपल्याला नवी नाही. आकाशकंदिलात बल्ब असतो, पण नजरेला दिसते ती कागदाची उजळलेली बाजू. कागद उजेड अडवीत नाही, पसरवितो. पेटीमागे आपल्याला हेच करावयाचे आहे, फक्त जागा फार कमी आहे.

एलईडीच्या पट्टीवर ठिपक्यांसारखे दिवे असतात. मीटरला ६० दिवे असलेल्या पट्टीत दोन दिव्यांमधले अंतर सुमारे १७ मिलिमीटर असते. १२० दिव्यांच्या पट्टीत सुमारे ८ मिलिमीटर. दिवे आणि उजेड पसरविणारा पडदा यांच्यातले अंतर निदान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढे हवे, आणि दीडपट असल्यास उत्तम. त्यापेक्षा कमी ठेवले की ठिपके मोजता येतात. म्हणून सांद अरुंद असेल तेव्हा दिवे पाहणाऱ्याकडे तोंड करून लावू नयेत. ते कडेला लावून उजेड आडवा सोडावा.

पडद्यासाठी शहराकडे जावयास नको. तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे दुकान असते. उजेडाच्या पाट्यांसाठी लागणारा बॅकलिट फ्लेक्स आणि दुधी अ‍ॅक्रिलिकचे उरलेले तुकडे तिथे मिळतात. पांढरा सनबोर्डही तिथेच मिळतो. तात्पुरते काम ट्रेसिंग पेपरनेही भागते, पण ओल लागली की तो सुरकुततो.

सांद मोजा, मग पद्धत निवडा

१) तीन इंच किंवा जास्त सांद असेल तर काम सोपे आहे. भिंतीला पांढरा सनबोर्ड टेकवून त्यावर पट्टीच्या दोन-तीन आडव्या रांगा लावाव्या आणि पेटीच्या मागच्या काचेवर बाहेरून दुधी पडदा लावावा. अंतर पुरेसे असल्याने ठिपके दिसत नाहीत.

२) एक ते दोन इंच सांद असेल तर पातळ उजेडाची पेटी करावी. पत्र लिहिणाऱ्या ताईंना हीच पद्धत लागू आहे. तिची कृती पुढे दिली आहे.

३) अर्धा-पाऊण इंचच सांद असेल तर आरपार अ‍ॅक्रिलिकची पाटी वापरावी लागते. ही पाटी विकत घेण्यापूर्वी टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात चौकशी करा. फुटलेल्या एलईडी मॉनिटरच्या आत एक जाड, स्वच्छ पाटी, तिच्यामागे चकचकीत पांढरा कागद आणि पुढे दोन-तीन दुधी पडदे असतात. ते दुकानदार बहुधा टाकून देतो. २४ इंची मॉनिटरची आतली पाटी साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच भरते. दोन फूट लांब व एक फूट उंच पेटीला ती जवळजवळ बेताची होते. कडेला उरणारी फट काळ्या पट्टीने झाकावी.

या पाटीचे काम आपल्या ठिबकच्या नळीसारखे चालते. नळीतून पाणी शेवटपर्यंत वाहते आणि बाहेर पडते ते ड्रीपरपाशीच. तसा पाटीच्या कडेतून आत शिरलेला उजेड दोन्ही पृष्ठांवर आपटत पुढे जातो आणि बाहेर पडतो तो मागच्या बाजूला छापलेल्या बारीक ठिपक्यांपाशी. दिव्याजवळ हे ठिपके विरळ किंवा लहान असतात, दूर गेल्यावर दाट किंवा मोठे होतात. त्यामुळे सगळीकडे सारखा उजेड मिळतो. म्हणून ठिपक्यांची बाजू भिंतीकडे, तिच्यामागे पांढरा कागद आणि दुधी पडदे पेटीकडे, असा क्रम ठेवावा. मॉनिटरचे मूळ दिवे वापरू नयेत, कारण त्यांना १२ व्होल्टपेक्षा बराच जास्त दाब लागतो. त्यांच्या जागी कडेला १२ व्होल्टची पट्टी लावावी. मॉनिटर उघडण्याचे काम मेकॅनिककडूनच करून घ्यावे. जुन्या मॉनिटरमध्ये एलईडीऐवजी पेन्सिलीहून बारीक काचेच्या नळ्या निघाल्या, तर त्यांत पारा असतो. तो मॉनिटर तसाच बंद करून ठेवावा.

४) पेटी भिंतीला अगदी चिकटलेली असेल तर मागच्या उजेडाचा नाद सोडावा. मागच्या काचेवर बाहेरून गडद निळा किंवा काळा कागद लावून वरचा दिवा चांगला ठेवावा. माशांचे रंग त्यावरही खुलून दिसतात.

दीड इंचातली उजेडाची पेटी

ताईंची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच आहे. म्हणजे साधारण ६० × ३० × ३० सेंटिमीटर. तिच्यात काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. पाणी, काच व खडी मिळून वजन ६५ ते ७० किलोच्या घरात जाते. भरलेली पेटी एक बोटही सरकवू नये. काचेचे सांधे सिलिकॉनने चिकटविलेले असतात, ते पिळले की गळती सुरू होते. सुदैवाने फडताळात पेटीच्या वर दीड फूट मोकळी जागा आहे. त्यामुळे पेटी रिकामी न करता, विहिरीत पोहरा सोडतात तशी उजेडाची पाटी वरून मागे सोडता येईल.

सामान: ५ मिलिमीटर जाडीचा पांढरा सनबोर्ड, दोन फूट बाय एक फूट, तेवढेच ३ मिलिमीटरचे दुधी अ‍ॅक्रिलिक, २५ मिलिमीटर रुंदीच्या पीव्हीसीच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, चारही कडांसाठी, सिलिकॉनचे आवरण असलेली एलईडी पट्टी, १२ व्होल्टचा अडॅप्टर, उजेड कमीजास्त करण्याची कळ, आणि सिलिकॉनची एक नळी.

जाडीचा हिशेब असा: मागे ५, मध्ये पोकळी २५, पुढे ३, एकूण ३३ मिलिमीटर. सांद दीड इंच म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर. पाच मिलिमीटर हवेला राहतात. जुनी मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते, म्हणून पाटी भिंतीला घासत ठेवू नये. ही मोकळीक भिंतीच्या बाजूला असावी.

कृती: सनबोर्डच्या चारही कडांवर पट्ट्या उभ्या लावून पसरट खोके करावे. आतून सर्व पांढरे असावे, म्हणजे उजेड वाया जात नाही. एलईडीची पट्टी वरच्या आणि खालच्या कडेच्या आतल्या अंगाला लावावी. वरच्या पट्टीचे तोंड खाली आणि खालच्या पट्टीचे तोंड वर, असा आडवा उजेड पोकळीत फिरतो. मग पुढे दुधी अ‍ॅक्रिलिक बसवावे. त्याच्या वरच्या व खालच्या कडेला इंचभर काळी चिकटपट्टी लावावी, म्हणजे कडेचा झगझगीत भाग झाकला जातो. वरच्या व खालच्या कडेला चार-चार बारीक भोके पाडावी. दिवे थोडे तापतात. गरम हवा वरून निघून जाईल आणि चुकून पाणी शिरलेच तर ते खालून वाहून जाईल. वर दोन बाजूंना नायलॉनच्या दोरीचे कान बांधावे, म्हणजे साफसफाईसाठी पाटी ओढून काढता येते.

पट्टी कोठेही कापू नये. मीटरला ६० दिवे असलेल्या १२ व्होल्टच्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरवर कात्रीची खूण असते, तिथेच कापावी. आपल्याला ५५ सेंटिमीटरचे दोन तुकडे लागतील. पट्टीवर आयपी ६५ असा आकडा असेल तर ती शिंतोडे सोसते. आयपी ६७ त्याहून बरी. पण कात्री लावली की ते टोक उघडे पडते. वायर डाख देऊन जोडावी, नुसती पिळून चिकटपट्टी गुंडाळू नये, आणि जोडावर सिलिकॉनचा थर द्यावा.

खर्चाचा हिशेबही पाहू. पट्टी मीटरला ५ वॅटची असेल तर दोन तुकडे मिळून साडेपाच वॅट होतात. रोज ६ तास लावल्यास महिन्याला सुमारे १ युनिट वीज लागते. जुनी ४० वॅटची ट्यूब चोकसह ५० वॅट धरली तर तेवढ्याच वेळात ९ युनिट खाते. साडेपाच वॅटसाठी १२ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह लागतो. तरी अडॅप्टर १ अँपिअरचा घ्यावा. बैलाकडून रोज पूर्ण ताकदीने ओढून घेतले तर तो लवकर थकतो. अडॅप्टरचेही तसेच आहे. त्यावर आय.एस. चिन्ह पाहून घ्यावे.

वायरीला झोळ द्या

अडॅप्टर फडताळात किंवा पेटीखाली ठेवू नये. बाजूच्या भिंतीवर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर आणि लहान मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर असावा. पेटीकडून येणारी प्रत्येक वायर, दिव्याची असो की पंपाची, बोर्डाच्या खाली एक झोळ घेऊन मग वर प्लगकडे गेली पाहिजे. वायरवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी येऊन खाली ठिबकते, प्लगमध्ये शिरत नाही. या झोळाला एक पैसाही पडत नाही, पण तो नसल्यामुळे बोर्ड जळाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

घराला अर्थिंग नीट आहे ना, ते पाहून घ्या. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखून वीज तोडणारा स्विच बसवून घ्या. आपल्याकडे त्याला ईएलसीबी म्हणण्याचा प्रघात आहे. दुकानात आरसीसीबी या नावानेही मिळतो. नेहमीची एमसीबी भार वाढला की पडते, पण माणसाच्या अंगातून वीज जात असेल तर ती पडेलच असे नाही. हा स्विच मात्र त्यासाठीच केलेला आहे. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. आणि घरातील सर्वांना, विशेषतः मुलांना, एक शिस्त लावावी: पेटीत हात घालण्याआधी सर्व प्लग काढावयाचे.

वीज गेल्यावर काही जण फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी काढून दिव्यांना जोडतात. दिवे लागतात हे खरे, पण असे करू नका. त्या बॅटरीवर आणि वायरीवर औषधाचा अंश असतो. सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके माशांना अत्यंत अल्प प्रमाणातही मारक आहेत. फवारणी करून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पेटीला हात लावू नये, हेही त्यातच आले. वीज नसताना माशांना गरज उजेडाची नसते, हवेची असते. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवावा.

किती वेळ, किती उजेड?

उजेडाचे मोजमाप शेतकऱ्याला शिकवावयास नको. अंड्यावरच्या कोंबडीला दिवस व दिवा मिळून सोळा तास उजेड देतात. शेवंतीची कळी रात्र मोठी झाली की धरते. उजेड कमीजास्त झाला की जीव आपला क्रम बदलतो. माशांच्या पेटीला दिवसभरात आठ तास दिव्याचा उजेड पुष्कळ झाला. त्याहून जास्त दिल्यास शेततळ्यात धरते तसे हिरवे शेवाळ काचेवर धरते. मागून उजेड असला की मागच्या काचेवरचे शेवाळ काळ्या डागांसारखे उठून दिसते. म्हणून उजेडाची पाटी सोडण्यापूर्वी ती काच आतून घासून घ्यावी.

वरचा दिवा आधी लावावा, मागचा नंतर. मालवताना मागचा आधी, वरचा नंतर. अंधारातून एकदम उजेड केला तर मासे बिथरून काचेवर आदळतात. वेळ लावून ठेवता येणारा स्विच मिळतो, तो बसविल्यास विसरण्याची भीती राहत नाही.

उन्हाळ्यात आणखी जपावे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावणारा प्राणवायू ३० अंशांना साडेसातच्या आसपास येतो. बंद फडताळातली हवा आधीच कोंडलेली असते. वैशाखात मागचा उजेड तास-दोन तासच ठेवावा आणि फडताळाला पडदा किंवा काच लावू नये.

आता आजोबांविषयी. ते पलंगावर पडून पाहतात, आपण उभे राहून पाहतो. आपल्याला सुखद वाटणारा उजेड त्यांच्या डोळ्यांत थेट जाऊ शकतो. म्हणून उजेड कितपत ठेवावा हे ठरविताना कोणीतरी त्यांच्या उशीच्या जागी डोके ठेवून पाहावे. तिथून पट्टीचा एकही दिवा दिसता कामा नये. दिसला तर काळी पट्टी आणखी रुंद करावी. मग माशाचे खवले आणि रंग स्पष्ट दिसेपर्यंत मागचा उजेड कमी करीत यावे. आजोबांना विचारून कळ तिथे थांबवावी. रंग निवडताना फार निळसर पांढरा घेऊ नये. निळा उजेड रात्री झोपेला बाधक ठरतो, आणि अंथरुणावरच्या माणसाची झोप आधीच तुटक असते. पिवळा घेतल्यास पाणी चहासारखे गढूळ दिसते. ४००० के असे लिहिलेली मधली पट्टी घ्यावी. रात्री नऊला मागचा उजेड बंद, त्यानंतर थोड्या वेळाने वरचाही. माशांनाही विश्रांती, आजोबांनाही.

पाटी मागे सोडण्यापूर्वी ती जमिनीवर कोरड्या जागी ठेवून सलग दोन तास पेटती ठेवा. अडॅप्टर कोमट लागला तर चालेल. हात ठेववेना इतका तापला तर बदला. जोडाशी वास येतो का ते पाहा. मग प्लग काढून पाटी सोडा आणि वायरीला झोळ देऊन शेवटी प्लग लावा. पहिले आठ दिवस रोज एकदा पाटी इंचभर वर ओढून खालच्या कडेला ओल आहे का ते बोटाने तपासा. ओल आढळल्यास पाणी कोठून येते ते सापडेपर्यंत दिवा लावू नका.

गावोगावी आता मुले अशा पेट्या मागू लागली आहेत. त्यांना नाही म्हणू नये. एक पेटी नीट सांभाळणारे मूल पाणी, हवा, उजेड आणि अन्न यांचा मेळ शिकते, आणि आपल्या धंद्याचे मर्मही याहून निराळे नाही. पेटी आणण्याआधी मात्र वीज कोठून येणार आणि पाणी कोठे सांडणार, हे दोन प्रश्न वडीलधाऱ्यांनी विचारावे.

पुढील अंकी हरभऱ्यावरील घाटेअळीचे सर्वेक्षण आणि पक्षिथांबे यांविषयी पाहू. कामगंध सापळे लावावयाचे असतील तर चौकशी या आठवड्यातच करून ठेवावी.